शुश्रूषेतील करुणा : शिकवायची कोणी आणि कोठे?



या व्याख्यानासंबंधी चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्ही ते दोनदा वाचले. परिचारिकांच्या शिक्षणात करुणा कशी शिकवावी, आणि विशेषेकरून मरणाला टेकलेल्या रोग्याच्या शुश्रूषेत ती कशी आणावी, असा विषय. पहिली शंका अशी आली, की पत्र चुकून आमच्या पत्त्यावर पडले असावे. या व्यासपीठावर एखाद्या मेट्रनबाई शोभल्या असत्या, एखादे डॉक्टर, निदान एखादे कीर्तनकार तरी. आम्ही पडलो युनियनची माणसे. इस्पितळाच्या व्यवस्थापकांना विचाराल तर ते सांगतील, की करुणेचा आणि आमचा उभा दावा आहे. आम्ही चिटणिसांना तसे कळवलेही. त्यांचे उत्तर आले, "म्हणूनच तुम्हाला बोलावले आहे." तेव्हा इलाज राहिला नाही.

करुणेवर प्रवचन आम्हाला करता येणार नाही. परिचारिका, वॉर्डातल्या मावशी, मामा, झाडूवाले, शवागारात काम करणारे, अशा माणसांची संघटना बांधण्यात आमची वीस वर्षे गेली. तिथे जे पाहिले, आणि पाहिलेले उमजेना म्हणून जे वाचले, तेवढेच मांडतो. सुरुवात आमच्या एका पराभवापासून करतो. कागदोपत्री तो विजय होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मोठे इस्पितळ, पुरुषांचा वॉर्ड. खाटा छत्तीस, जमिनीवरच्या गाद्या धरून रोगी एकोणपन्नास. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तिच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगी. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा हमाल होता. यकृत पार गेलेले. आता करण्याजोगे काही उरले नाही असे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून ठेवले होते. मुलगा गावाहून निघाला होता, पण पोचला नव्हता. रात्री दोनच्या सुमारास म्हाताऱ्याचा श्वास बदलला. लांबतो, थांबतो, आता संपले असे वाटते तोच पुन्हा सुरू होतो. तो श्वास आपणांपैकी पुष्कळांनी घरच्या कोणाच्या उशाशी ऐकला असेल. सिस्टर त्याच्या खाटेच्या कडेवर बसली. त्याचा हात हातात घेतला, ओल्या कापसाने ओठ पुसत राहिली. शिकाऊ मुलीला तिने पलीकडच्या बाजूला उभे केले. चाळीस मिनिटांनी म्हातारा गेला. दोन वाजताची इंजेक्शने पावणेतीनला सुरू झाली. एका रोग्याच्या नातेवाइकाने तक्रार केली, आणि आठवड्याने सिस्टरच्या हातात मेमो पडला. कामात हयगय, औषधास विलंब, आणि रोग्याच्या खाटेवर बसणे, असे तीन आरोप.

आम्ही लढलो. एका परिचारिकेमागे किती रोगी होते त्याचा तक्ता दिला. वहीतल्या नोंदींवरून सिद्ध केले, की डॉक्टरांचा त्या रात्रीचा आदेशच उशिरा उतरवला गेला होता, त्यामुळे इंजेक्शने दोनला देणे शक्यच नव्हते. चौकशी दोन महिने चालली. आरोप मागे घेतले गेले. युनियनच्या खोलीत चहा झाला. चहा घेताना ती बाई म्हणाली, "भाऊ, तुम्ही मला सोडवलंत, तुमचे उपकार आहेत. पण एवढ्या चौकशीत कुणी असं म्हणालं नाही, की बाई, तू बसलीस ते बरं केलंस. साहेब नाही म्हणाले, तुम्हीपण नाही. मग ती पोरगी काय शिकली असेल? बसलं की मेमो येतो, आणि मेमो आला की युनियनवाले वाचवतात, एवढंच ना?"

चहाचा पेला आमच्या हातात तसाच राहिला. बचावाच्या अकरा पानी निवेदनात म्हाताऱ्याचा उल्लेख एकदाच आला होता, आणि तोही खाटेच्या नंबराने.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे, की इस्पितळात करुणा शिकवली जाते की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. रोज काहीतरी शिकवले जातेच. ते कोण शिकवतो आणि काय शिकवतो, हे पाहायला हवे. त्या शिकाऊ मुलीला त्या रात्री सिस्टरने एक धडा दिला आणि पुढच्या दोन महिन्यांत व्यवस्थापनाने आणि आम्ही मिळून दुसरा दिला. परीक्षा मात्र या दोन्हींपैकी कशाचीच झाली नाही.

वर्गात काही होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली पदवीचा अभ्यासक्रम नव्याने बांधला. रोग बरा होणार नाही हे धरून चालून रोग्याचे दुःख हलके करण्याची जी विद्या आहे, तिला उपशामक शुश्रूषा म्हणतात. तिचा भाग त्या अभ्यासक्रमात आता सक्तीचा आहे. ही चांगली गोष्ट झाली. वर्गात नाटकेही करवतात. एक मुलगी रोगी होते, दुसरी तिला वाईट बातमी सांगायला येते. याला हसू नये. आम्हीसुद्धा वाटाघाटींना जाण्याआधी आमच्यातल्याच एकाला मालक करून खुर्चीवर बसवतो. त्याचा उपयोग होतो. पण नाटकातला रोगी मरत नाही, आणि नाटक चालू असताना पलीकडून अठ्ठेचाळीस जण सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत नसतात.

आम्ही अठराव्या वर्षी एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. कानस कोणत्या कोनात धरावी ते पुस्तकात छापलेले होते. हाताचा दाब किती असावा ते मात्र पुस्तकात नव्हते. आमचे मिस्त्री मागे येऊन उभे राहत, आमच्या मुठीवर आपली मूठ ठेवत आणि चार वेळा कानस चालवत. बोलत काही नसत. हात हातालाच शिकवतो. मरणाऱ्याचे ओठ पुसण्याचे काम याच जातीचे आहे. कापूस किती ओला असावा, थेंब घशात उतरून ठसका लागू नये म्हणून मान कशी वळवावी, श्वास थांबल्यावर शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहावे की नजर खाली ठेवावी, हे कोणी करताना पाहिल्याखेरीज येत नाही.

मात्र या शिकण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साहेब येताना दिसले की मशीन उगाच चालू कसे ठेवायचे, हेही आम्ही त्याच मिस्त्रींकडून शिकलो! हात चांगले शिकवतो तसे वाईटही शिकवतो. वॉर्डात नवी मुलगी पाऊल टाकते तेव्हा तिच्या आधी आलेल्या सगळ्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी काय काय युक्त्या काढल्या, त्याही तिच्या पदरात पडतात.

इझाबेल मेन्झीस या विदुषींनी लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-इस्पितळात याचा अभ्यास केला आणि तो १९६० साली प्रसिद्ध झाला. आम्ही तो वाचला तेव्हा असे वाटले, की या बाई आमच्याच वॉर्डात येऊन गेल्या असाव्यात. त्यांना असे दिसले, की एका रोग्याची सगळी शुश्रूषा एकीकडे नसते. एकजण सर्वांचे ताप मोजते, दुसरी सर्वांना भांडी देते, तिसरी सर्वांच्या चादरी बदलते. मुलींना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात सारखे हलवतात. रोग्याचा उल्लेख नावाने न करता खाटेच्या नंबराने किंवा बिघडलेल्या अवयवाने करतात. दहा नंबरचे लिव्हर, अशा थाटाने. बारीकसारीक निर्णयही वर ढकलतात. हे सारे कोणा दुष्टाने ठरवलेले नव्हते. वेदना आणि मरण यांच्या इतक्या जवळ रोज उभे राहिल्याने जी भीती मनात साठते, तिच्यापासून बचाव म्हणून ती रीत आपोआप बनत गेली. पण बचाव होत नव्हता. सुमारे एकतृतीयांश मुली शिक्षण पुरे करण्याआधीच सोडून जात होत्या.

आपल्याकडे "बारा नंबरचा एक्स्पायर झाला" असे म्हणतात. वॉर्डात 'मेला' किंवा 'वारला' हा शब्द आम्ही क्वचित ऐकला. त्या मुलींना आम्ही दोष देत नाही. रबरी हातमोजा जसा हाताला, तसा हा शब्द मनाला. हातमोजा काढा असे सांगणे सोपे आहे. पण तो काढल्यावर त्या हाताचे काय होईल, ही जबाबदारी सांगणाऱ्याने घेतली पाहिजे.

शुश्रूषेच्या अभ्यासक्रमाचा विषय निघाला म्हणून एक फार जुना अभ्यासक्रम सांगतो. विनयपिटकातल्या महावग्गात एक कथा आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तिथे आले. बुद्धांनी विचारले, तुझ्याजवळ कोणी का नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझे काही करत नाहीत. तेव्हा दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि मगच बुद्धांनी संघाला बोलावले. आधी हात, मग व्याख्यान. संघाला त्यांनी नुसता उपदेश केला नाही, नियम घालून दिला. आजाऱ्याची शुश्रूषा त्याच्या गुरूने करावी, शिष्याने करावी, बरोबर राहणाऱ्याने करावी, आणि यांतले कोणीच नसेल तर संघाने करावी. न करील तो दोषी. पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने शुश्रूषा करावी, मलमूत्र, थुंकी आणि ओकारी उचलण्याची किळस धरू नये, आणि रोग्याच्या मनाला उभारी येईल असे बोलता यावे. करुणेचे किती नेमके तुकडे पाडले आहेत पाहा.

यातले लोभाचे कलम आम्हाला व्यवस्थापक लोक फार आवडीने ऐकवतात. पगाराच्या बोलण्यांत शुश्रूषा हे व्रत आहे हे वाक्य हटकून येते. त्यांना आमचे उत्तर असे, की त्या भिक्षूंच्या अन्नवस्त्राची सोय समाजाने केलेली होती, आणि रोग्याची जबाबदारी अखेर संघावर टाकलेली होती, एकट्यादुकट्या भिक्षूच्या चांगुलपणावर नव्हे.

आता इंग्लंडात परत जाऊ, कारण मरणोन्मुखांच्या शुश्रूषेची आधुनिक विद्या तिथे उभी राहिली, आणि तिची एक मोठी ठेचही तिथेच लागली. सिसिली सॉन्डर्स या मुळात परिचारिका. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, म्हणून त्या इस्पितळातच रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. पोलंडहून आलेला हा ज्यू निर्वासित हॉटेलात वेटरचे काम करी. १९४८ साली तो लंडनमध्ये कॅन्सरने गेला. मरणाऱ्यांसाठी कसे घर असावे याविषयी त्या दोघांची बोलणी होत. जाताना त्याने सॉन्डर्सबाईंसाठी ५०० पौंड ठेवले; त्या घराची आपण एक खिडकी होऊ, असा त्याचा भाव होता. बाई पुढे वैद्यक शिकून १९५७ साली डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे घर उघडले. मधली वर्षे त्यांनी एकच गोष्ट बारकाईने पाहिली. दुखू लागल्यावर, रोग्याने विनवणी केल्यावर मॉर्फिन देण्याऐवजी ते घड्याळ लावून, दुखणे परत येण्याआधीच दिले, तर रोगी शुद्धीवर राहतो, बोलतो, घरच्यांना भेटतो. त्यांनी असेही मांडले, की वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची भीती, संसाराची काळजी, देवाधर्माविषयीची तगमग, सगळे एकात एक मिसळलेले असते. घरभाडे कोण भरणार ही चिंताही तिच्यात येते, हे वाचून आम्हाला बाई आपल्या वाटल्या.

म्हणजे करुणेत अश्रूंइतकेच घड्याळही आले. आणि इथे आम्हाला आमच्या सिस्टरची गोष्ट पुन्हा तपासावी लागते. त्या रात्री पाऊण तास उशिरा मिळालेल्या इंजेक्शनांत कोणाच्या तरी दुखण्यावरचे इंजेक्शन असेलच. त्या रोग्याचा तो पाऊण तास कसा गेला असेल? तक्रार करणाऱ्या नातेवाइकाला आम्ही चौकशीत खोटे पाडले, पण तो खोटा नव्हता. म्हाताऱ्याचा हात धरणे हे बरोबर होते, आणि दोनचे इंजेक्शन दोनला देणे हेही बरोबर होते. एका बाईने या दोहोंपैकी एक निवडायचे, आणि निवडल्याचा मेमो घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. अशा ठिकाणी करुणेचा तास ठेवून काय शिकवणार?

ठेचेची गोष्ट अशी. सेंट ख्रिस्तोफर्ससारख्या घरांत जे चांगले चालते ते साध्या इस्पितळांतही पोचावे, या सद्हेतूने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लिव्हरपूलच्या मंडळींनी एक पद्धत बसवली. अखेरच्या दिवसांत कोणती औषधे चालू ठेवायची, कोणती थांबवायची, तोंडाची निगा, कूस बदलणे, नातेवाइकांशी बोलणे, असा क्रम छापून दिला. लिव्हरपूल केअर पाथवे असे तिचे नाव. ती देशभर पसरली. मग तक्रारी येऊ लागल्या. घरच्यांना न सांगताच माणसाला त्या वाटेवर घातले. पाणी मागत असता पाणी दिले नाही. चौकटीत खुणा सगळ्या बरोबर, पण खाटेजवळ कोणी फिरकले नाही. काही ठिकाणी ही पद्धत वापरल्याबद्दल इस्पितळांना पैसे मिळत होते, हेही बाहेर आले. न्यूबर्गर बाईंच्या समितीने २०१३ साली चौकशी करून ती बंद करायला सांगितले आणि पुढच्या वर्षी ती मोडीत निघाली. कागद वाईट नव्हता, त्यातली बहुतेक कलमे आजही कोणी चुकीची म्हणणार नाही. परंतु जाणत्या हातांनी वापरायचे हत्यार घाईतल्या, अर्धवट शिकलेल्या हातांत दिले, आणि खूण केली म्हणजे काम झाले असे वरच्यांनी मानले. आपल्याकडे अशा छापील कागदांची आवड वाढते आहे, म्हणून हे थोडे लांबवले.

आता घरची गोष्ट. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातल्या अरुणा शानभाग हे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये, ड्यूटी संपवून कपडे बदलायला इस्पितळाच्या तळघरात गेलेल्या या पंचविशीच्या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला, साखळीने गळा आवळला. तो आमच्यासारखाच हातावर पोट असलेला कामगार होता, हे सांगताना आमची मान खाली जाते. पण ते वगळून बोलणे खरे होणार नाही. अरुणाताई पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या तोवर, सुमारे बेचाळीस वर्षे, त्या इस्पितळातल्या परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. पिढ्या बदलल्या, त्या घटनेच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुलींनी ते काम हातात घेतले. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही, ही गोष्ट २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर आली. ज्यांनी अंथरुणाला खिळलेले माणूस चार महिने सांभाळले आहे त्यांना विचारा, बेचाळीस वर्षे म्हणजे काय ते.

त्या जिवाला तसे राखणे योग्य होते की नाही, याचा वाद मोठा आहे. त्याच खटल्यातून, आणि पुढे २०१८ च्या निकालातून, सन्मानाने मरण्याचा आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क आपल्या देशात मान्य झाला. २०२३ साली त्याची रीत सोपी केली गेली. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. आम्हाला दुसरीच गोष्ट दाखवायची आहे. १९७३ च्या त्या घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. अरुणाची देखभाल नीट व्हावी आणि आमची कामाची जागा सुरक्षित असावी, या दोन्ही मागण्या एकाच संपाच्या होत्या. पुढे १९८० नंतर महापालिकेने ती खाट मोकळी करून अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हाही परिचारिका उठल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ज्या हातांनी त्यांना चार दशके भरवले, तेच हात झेंडा घेऊन फाटकावर उभे होते. ज्यांना करुणेचा आणि आमचा दावा दिसतो, त्यांनी याचा उलगडा करावा.

नव्या मुलींना हे कोणी शिकवले? त्या खोलीत आधीची सिस्टर होती, तिने दाखवले. पाळी बदलताना एकीने दुसरीच्या ओटीत घातले. तिथे दाखवणारी होती, आणि मोकळीक होती.

दाखवणाऱ्यांत आणखी एक जण असते, तिला कोणी शिक्षक म्हणत नाही. ती म्हणजे वॉर्डातली मावशी. मेल्यानंतरची सेवा बहुतेक तीच करते. डोळे मिटणे, हनुवटी बांधणे, हातपाय आखडण्याआधी सरळ करणे, अंग पुसणे, नावाची चिठ्ठी बांधणे. आमच्या ओळखीच्या एक मावशी प्रेताशी बोलत. "चला बाबा, हात सरळ करू या. झालं, झालं," असे म्हणून मगच त्या हाताला हात लावत. हे का करता, असे आम्ही एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "आत्तापर्यंत माणूस होता ना भाऊ, एकदम सामान कसं समजायचं?" शिकाऊ मुली त्यांचे पाहून तसे बोलू लागल्या होत्या. त्या मावशी कंत्राटी होत्या. कंत्राट बदलले, त्या गेल्या. कोणत्याही अभ्यासक्रमाच्या समितीला आपला एक प्राध्यापक गेल्याचे कळले नाही.

शिकण्याला जागाही बदलून मिळाली पाहिजे. केरळात १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाची संस्था काढली. त्या कामातून पुढे गावोगाव स्वयंसेवकांची जाळी तयार झाली. शेजारपाजारची साधी माणसे आठवड्यातले दोन तास देतात, पै पै जमवतात, आणि परिचारिका त्यांच्याबरोबर घरोघर जाते. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले, पंचायतींना त्यात घेतले. इस्पितळात रोगी आमच्या फरशीवर असतो. घरी परिचारिका चपला बाहेर काढून त्याच्या उंबऱ्यातून आत जाते, तो तिला बसा म्हणतो. कोण कोणाचा पाहुणा हे तिथे उलटते. शिकणाऱ्या मुलीला असा एक महिना मिळाला, तर खाटेच्या नंबराने हाक मारणे तिला पुढे जड जाईल. आपल्याकडेही मुंबईला १९८६ पासून शांती अवेदना आहे, पुण्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तिथे शिकण्याजोगे पुष्कळ आहे. पण मुली तिथे दिवसभर पाहून येतात आणि परत एकोणपन्नास रोग्यांच्या वॉर्डात उभ्या राहतात.

औषधाचेही असेच. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी काही गुंतागुंत केली, की इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायदा सुधारला, वाट सोपी झाली. तरी पुष्कळ ठिकाणी ते आजही मिळत नाही. रोगी कळवळतो आहे आणि हातात काही नाही, अशी परिचारिका फार दिवस करुण राहू शकत नाही. ती खाटेकडे पाहण्याचे टाळू लागते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात व्यवहाराचे आहे. परिचर्या परिषदेने शिक्षण-इस्पितळात तीन रोग्यांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका असे मान ठेवले आहे. ते कागदावर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात तिथल्या परिचारिकांच्या युनियनने भांडून १९९९ साली याचाच कायदा करवून घेतला, २००४ पासून तो अमलात आहे. साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रोगी देता येत नाहीत. म्हणजे अशक्य असे काही नाही. शिकाऊ मुलींना कामाच्या हातांत मोजणे बंद झाले पाहिजे, कारण जिला मोजले तिला शिकवायला वेळ कोणाजवळ नसतो. आणि मृत्यूनंतर लगेच ती खाट भरली जाते, त्याआधी सिस्टर, शिकाऊ मुलगी आणि मावशी या तिघींना पाव तास एकत्र बसू द्यावे. रडायचे तर रडू द्यावे, नाहीतर चहा घेऊ द्यावा.

हे सांगताना आमचा दोष झाकत नाही. इतक्या वर्षांत आम्ही किती मागणीपत्रे लिहिली! पगार, भत्ता, गणवेशाचे पैसे, रात्रपाळीला वाहन. ती सगळी न्याय्य होती. पण मरणाऱ्याजवळ बसण्याचा वेळ ही कामगाराची मागणी असू शकते, हे आम्हाला एका बाईने चहा घेताना सांगावे लागले.

ती शिकाऊ मुलगी अलीकडे भेटली. आता ती दुसऱ्या एका इस्पितळात वॉर्डाची इन्चार्ज आहे. आम्ही भीत भीत विचारले, त्या रात्रीचे काय आठवते? वाटले होते, मेमो म्हणेल. ती म्हणाली, "सिस्टरांनी मला बाबांचा दुसरा हात धरायला सांगितला होता. तो हात बोटांपासून गार होत आला, ते मला कळलं. आता नवीन मुलगी आली की मीपण तिला दुसरा हात धरायला सांगते." मग थोडे थांबून म्हणाली, "पण रात्री नाही. रात्री मी एकटीच असते."

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही दोन नवी कलमे घातली. मरणासन्न रोग्याजवळ बसणे हा गैरवर्तनाचा प्रकार मानू नये आणि त्यासाठी खाटेशी स्टूल असावे, हे एक. रात्रपाळीला एक जादा परिचारिका द्यावी, म्हणजे बसणारीचे काम अडणार नाही, हे दुसरे. पहिल्या बैठकीत व्यवस्थापनाने वॉर्डागणिक दोन स्टुले तिथल्या तिथे मंजूर केली. ती आलीही आहेत, लोखंडी आहेत, बरी आहेत. दुसरे कलम पुढच्या बैठकीवर टाकले आहे. ती बैठक पावसाळ्याआधी व्हायची आहे.